पंधरा नंबरचा सूर

गुणवंतराव कारखानीस आरतीला उभे राहिले की शेजारचा माणूस हळूच दोन पावलं सरकायचा. अल बर्शातल्या मराठी मंडळींनी हे इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं, की गणपतीत त्यांच्याकडे कायम प्रसादाच्या वाट्यांची मोजणी असायची. त्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुळात पेशाच मोजणीचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कंपनीत ते एस्टिमेटर होते. उंच इमारतींना बाहेरून काच आणि ॲल्युमिनियम लावणारी कंपनी. किती काचा, किती पट्ट्या, किती स्क्रू, हे नकाशावरून सांगायचं आणि एक स्क्रूही चुकायचा नाही. गळा देताना देवाने हात आखडता घेतला होता, त्याची भरपाई त्याने अशी केली होती.

अशा माणसाकडे २००८च्या फेब्रुवारीत हाफिजा आली. ती ऑफिसातले नकाशे आणि कागद सांभाळायची. जावा बेटाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गावातली, चाळिशीची, ठेंगणी, डोक्यावर नीट पिन लावलेला रुमाल. आठ वर्षं दुबईत काढल्यामुळे तिची हिंदी आपल्याकडच्या रिक्षावाल्याला लाजवील अशी पक्की झाली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. वडिलांनी गावाहून अंगक्लुंगचा चोवीस नगांचा संच पाठवला आहे, कारखान्यात इंडोनेशियाची एकवीसच माणसं आहेत, तीन हात कमी पडतात.

अंगक्लुंग म्हणजे बांबूच्या चौकटीत सैल अडकवलेल्या बांबूच्याच दोन नळ्या. डाव्या हाताने चौकट धरायची, उजव्याने हलवायची, की थरथरत एक सूर निघतो. एकच. दुसरा सूर हवा तर दुसरं अंगक्लुंग आणि दुसरा माणूस. एकट्याला त्यावर गाणं वाजवता येत नाही. हुशार लोक मांडवाला पंधरावीस टांगून एकट्यानेही वाजवतात म्हणे, पण हाफिजाच्या बापाला ते मुळीच खपत नसे.

गुणवंतरावांनी हात जोडले. आपण बेसूर आहोत, हे पुण्यापासून दुबईपर्यंत सिद्ध झालंय, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. हाफिजाने ते ऐकून घेतलं आणि पंधरा नंबरचं अंगक्लुंग त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, सूर तो बांबू में है. आप बस टाइम पे आओ."

वेळेवर येणं हा तर गुणवंतरावांचा हातखंडा. गाण्यात त्यांचा सूर सात वेळा यायचा. नवव्या मात्रेला, चौदाव्या मात्रेला, असं त्यांनी कागदावर लिहून पाठ केलं. दर शुक्रवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये ही चोवीस माणसं अर्धगोल उभी राहायची. फोर्कलिफ्ट चालवणारा पेशावरचा लियाकत चार नंबरला, वेल्डर मुनीर सहाला, रंगकाम करणारा युसुफ अकराला. समोर हाफिजा, स्वतःचा आठ नंबर डाव्या हातात धरून, उजव्या हाताच्या बोटांनी खुणा करायची. भाताच्या कापणीच्या वेळचं तिच्या गावचं गाणं होतं. पहिल्यांदा ते सलग वाजलं त्या दिवशी गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. एवढं मोठं गाणं चाललंय आणि त्यात सात ठिकाणी आपण आहोत, आपण नसलो तर तिथे भोक पडेल, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं होतं. घरी येऊन ते मंजुषाबाईंना हेच तीनदा सांगत बसले. पन्नाशीला टेकलेला माणूस खुळखुळा घेऊन नाचतोय, एवढाच अर्थ बाईंनी त्यातून काढला.

मग मंदीचा वरवंटा फिरला. नोव्हेंबरपासून क्रेन थांबल्या, इमारती कमरेपर्यंत येऊन तशाच उभ्या राहिल्या. काच लावायला इमारतच नाही, तर काच मोजणार कोण आणि कापणार कोण? दर महिन्याला यादी लागायची. पहिला गेला मुनीर. निघण्याच्या आदल्या शुक्रवारी त्याने सहा नंबर परत दिला, तर हाफिजाने तो त्याच्याच पिशवीत घातला.

गुणवंतरावांना ते पटलं नाही. संच फुटतो ना असा! त्यांनी तसं म्हटलंही. तेव्हा हाफिजाने तिच्या आबाहचा नियम सांगितला. तिच्याकडे बापाला आबाह म्हणतात. गुणवंतरावांनी ऐकताक्षणी त्याचं आबा करून टाकलं. आबांचा नियम असा, की सूर ज्याचा त्याचा. माणूस गेला तर त्याचा सूर त्याच्याबरोबर जातो, आणि गाण्यात त्याची जागा रिकामी ठेवायची. तिथे दुसऱ्याने हात हलवायचा नाही. थांबायचं, तेवढी मात्रा जाऊ द्यायची, मग पुढे. हा काही साऱ्या इंडोनेशियाचा रिवाज नव्हे, पण आबांच्या गावात तीन पिढ्या तो चालत आलेला होता.

२००९च्या उन्हाळ्यापर्यंत चोविसाचे अकरा झाले. गाणं वाजायचं, पण दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं. सूर, सूर, मग काहीच नाही, मग सूर. त्या रिकाम्या मात्रांना सगळे खाली मान घालून उभे राहत. लियाकत गेल्यावर त्याच्या जागी आलेली शांतता गुणवंतरावांना सोसवेना.

त्याच सुमारास हाफिजाला गावाहून फोन आला, की आबांचा एक कान पूर्ण गेला आहे आणि दुसराही वर्षभरात जाईल असं डॉक्टर म्हणतो. म्हातारा स्वतःसाठी काही मागणाऱ्यातला नव्हता. पण हा संच त्याच्या हातचा सगळ्यात चांगला संच होता, आणि चोवीस माणसांच्या हातात तो त्याने कधीच ऐकला नव्हता. कान जायच्या आधी एकदा ऐकायचा आहे, एवढंच तो म्हणाला. हाफिजाने हे सांगितलं तेव्हा कँटीनमध्ये अकरा माणसं होती आणि बाकीची तेरा पाच देशांत पांगलेली.

वाट काढली ती गुणवंतरावांच्या लेकीने, शुभ्राने. सोळा वर्षांची, जन्म दुबईचा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. तिने अकरा जणांचं भोकाभोकांचं गाणं तसंच्या तसं कॅमेऱ्यात घेतलं आणि यूट्यूबवर चढवलं. खाली लिहिलं, की या रिकाम्या जागा ज्यांच्या आहेत त्यांनी आपला सूर वाजवून पाठवावा, मी जोडीन. "बाबा, दे जस्ट नीड टु लिसन अँड फिल देअर ओन गॅप," ती म्हणाली. तिच्यासाठी दीडशे दिरहमचा, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपयांचा माइक घेताना गुणवंतरावांनी पहिल्यांदाच कुरकुर केली नाही.

तीन आठवडे काही नाही. मग मुनीरचा सूर आला. गावच्या सायबर कॅफेत, मागे कोंबडं आरवतंय, मुनीर कानाला हेडफोन लावून गंभीर चेहऱ्याने उभा, आणि बरोबर त्याच्या मात्रेला हात हलवतोय. मग पेशावरहून लियाकतचा. मग मलेशियाच्या एका कारखान्याच्या गच्चीवरून युसुफचा. एकेक भोक बुजत होतं आणि गुणवंतराव ऑफिसातून आल्याआल्या बूट न काढता शुभ्राच्या खोलीत शिरत होते.

याच दिवसांत दसरा आला, आणि मराठी घरातच होऊ शकेल अशी चूक झाली.

दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं आणि ज्यावर जीव आहे, ते सगळं पाटावर मांडायचं, ही कारखानीसांकडची पद्धत. मंजुषाबाईंनी नवऱ्याचा कॅलक्युलेटर मांडला, लेकीची पुस्तकं आणि लॅपटॉप मांडला, आणि कोणी न सांगता पंधरा नंबरचं अंगक्लुंगही मांडलं. यादीत अजून नवऱ्याचं नाव लागलेलं नव्हतं, आणि खुळखुळा घरात आल्यापासून माणूस आनंदात असतो, हे त्यांच्या लक्षात येऊन चुकलं होतं. हळदकुंकू वाहताना त्यांना दिसलं, की रात्रंदिवस चालणाऱ्या एसीने बांबू पार कोरडा पडलाय, टोकाला केसाएवढी चीरही गेलीय. त्यांच्या आजोळी काठीला तेल पाजत. त्यांनी खोबरेल तेल घेतलं आणि दोन्ही नळ्यांना आतून बाहेरून चोळून चोळून पाजलं. सलग चार दिवस. बांबू गव्हाळ होता तो मधासारखा तुकतुकीत झाला. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, पॉलिश केलंय.

पुढच्या आठवड्यात दुबईतल्या अकरा जणांचे सूर एकेक करून नव्याने घेतले गेले. गुणवंतरावांचा नंबर सगळ्यात शेवटी. त्यांनी हात हलवला तेव्हा हाफिजाने मान एकदम वर केली, मग शुभ्राला झालं म्हणून खूण केली. त्यांना वाटलं, आपण छान वाजवलं.

डिसेंबरात गाणं पूर्ण झालं. चोवीस चौकोनी खिडक्या, प्रत्येकीत एक माणूस आणि एक सूर. हाफिजाच्या घरच्यांनी तालुक्याच्या गावी नेऊन आबांना ते ऐकवलं. आबांनी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि नंतर एवढंच विचारलं, की पंधरा नंबरचा माणूस कोण. तोवर गुणवंतरावांचंही नाव यादीत लागून गेलं होतं. नशिबाने अबुधाबीत एका सरकारी कंत्राटदाराकडे पगार उतरवून काम मिळालं. रोज पहाटे बस, संध्याकाळी बस, पण देश सोडावा लागला नाही.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना कोणीच केली नव्हती. सुरुवातीला तो व्हिडिओ त्या चोवीस जणांचे नातेवाईकच बघत होते. २०१०च्या नोव्हेंबरात युनेस्कोने अंगक्लुंगला जगाच्या ठेव्यात मानाचं पान दिलं आणि लोक इंटरनेटवर ते शोधू लागले. शोधता शोधता ते या चोवीस खिडक्यांपाशी येऊन थबकत. हजार झाले, लाख झाले, सहा लाख झाले. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेत वॉशिंग्टनला पाच हजारांवर माणसांनी एकदम अंगक्लुंग वाजवलं, तेही गुणवंतरावांनी बसमध्ये फोनवर पाहिलं.

पण त्यांना खरं वेड लावलं ते आबांच्या नियमाने. शुभ्राने व्हिडिओखाली तो दोन ओळींत लिहिला होता, आणि त्या दोन ओळी कुठल्या कुठे पोचल्या. फिनलंडमधल्या एका शाळेने नळाच्या पाइपांची अंगक्लुंगं केली, आणि वर्गातून गाव सोडून गेलेल्या मुलीची मात्रा रिकामी ठेवली. पोर्तुगालच्या एका वृद्धाश्रमातल्या गायकवृंदात एक आजोबा वारले होते. त्यांची ओळ आली की बाकीचे अकरा म्हातारे गप्प उभे राहत. त्यांनी त्याचा व्हिडिओ टाकून खाली लिहिलं होतं, आम्ही हे जावाच्या एका आबांकडून शिकलो. तो बघताना गुणवंतरावांचं उतरायचं स्टॉप गेलं. डोंगरातल्या एका कानाने अधू म्हाताऱ्याची घरगुती रीत समुद्रापलीकडे अनोळखी माणसांना धीर देते आहे, हे त्यांच्या मोजणीत बसेना. या गाण्यात आपण सात वेळा आहोत, याचा त्यांना इतका अभिमान वाटला, की त्या दिवशी परतीच्या बसची वाट बघताना त्यांनी ते एका अनोळखी बंगाली गृहस्थालाही सांगून टाकलं.

आणि मग एक दिवस जपानच्या कुणा जाणकाराने व्हिडिओखाली लिहिलं: फार सुंदर, फक्त पंधरा नंबरचा सूर उतरलेला आहे.

गुणवंतरावांनी शुभ्राला तपासायला लावलं. तिने कॉम्प्युटरवर मोजलं. "इट्स फ्लॅट, बाबा. नॉट अ लॉट. बट... येस." मग मंजुषाबाईंना दसरा आठवला आणि त्यांनी तेलाचं कबूल केलं. बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या, की तेल ओढून घ्यायला त्यांनी नळ्या डाळीच्या पिठात पुरून आठवडाभर बाल्कनीच्या उन्हात ठेवल्या. पीठ तेलकट झालं, सूर वर चढला नाही. गुणवंतराव बायकोवर रागावले नाहीत. त्यांना एवढंच वाटलं, की आरतीला दूर सरकणारे लोक बरोबरच होते. सूर बांबूत तयार मिळाला, तरी आपल्या घरी येऊन तो बेसूर झालाच, आणि म्हाताऱ्याने कान जायच्या आधी जे एकदाच ऐकायला मागितलं होतं, ते आपण नासवलं.

शुक्रवारी ते अंगक्लुंग कागदात गुंडाळून हाफिजाकडे गेले. सगळं सांगितलं, तेल, पाट, हळदकुंकू, काही लपवलं नाही. हे परत घे आणि व्हिडिओत माझी जागा रिकामी ठेव, म्हणाले. हाफिजाने कागद उघडला, बांबूवर कुंकवाचा राहिलेला डाग पाहिला, आणि पुन्हा नीट गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

"खाली जगह गए हुए आदमी की होती है. आप किधर गए, पाक गुणवंत?"

पाक म्हणजे त्यांच्याकडचं राव. आबांना कळवते, ते ठरवतील, एवढंच ती पुढे म्हणाली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिच्याकडून या विषयावर अक्षर नाही. गुणवंतरावांनीही विचारलं नाही. अंगक्लुंग कपाटावर गेलं.

२०१२च्या सप्टेंबरात फेसबुकवर मुनीरचा फोटो दिसला. तो आता कतारमध्ये होता. त्याच्या हातात कोरं करकरीत अंगक्लुंग, त्यावर सहा आकडा, आणि खाली लिहिलेलं, आबांनी नवीन पाठवलं. दोन दिवसांनी युसुफचा फोटो, अकरा नंबर. मग लियाकतचा. मग रोज एकदोन. मोजल्याशिवाय राहवतं तर ते गुणवंतराव कसले? अठरा झाले, एकवीस झाले. इथे टपाल घरी येत नाही, कंपनीच्या पोस्ट बॉक्सात येतं. तिथल्या माणसाला त्यांनी इतक्यांदा विचारलं, की तो त्यांना लांबून बघूनच मान हलवू लागला. बाविसावा फोटो आला. तेविसावा खुद्द हाफिजाचा, आठ नंबर. चोविसावा फोटो यायचा नव्हता, कारण तो त्यांचा असता.

आबांनी नवा संच केला होता आणि त्यातून पंधरा नंबर गाळला होता. दुसरा अर्थच निघत नव्हता. मंजुषाबाई म्हणाल्या, अहो, टपालात गहाळ झालं असेल. त्यावर त्यांनी नुसतं हं केलं. जेवताना मात्र ताटावरून उठून गेले, आणि त्या एकट्याच डोळे पुसत बसल्या.

त्याच शुक्रवारी हाफिजा अल बर्शाला घरी आली. तिच्या पिशवीत तिचं नवं अंगक्लुंग आणि नातीने लिहून घेतलेलं आबांचं पत्र होतं. तिने आधी गुणवंतरावांना कपाटावरचं खाली काढायला सांगितलं. त्यांनी ते निमूटपणे काढलं. मग तिने पत्र वाचत वाचत हिंदीत सांगितलं, त्याचा मराठीत अर्थ असा होता:

"पंधरा नंबरच्या भावाला सलाम. माझा आजा बांबू तोडण्याआधी त्याच्यापुढे बसायचा, त्याची परवानगी मागायचा, तोडल्यावर त्याला तेल लावायचा. माझ्या बापाने बसणं सोडलं, मी तेलही सोडलं. वेळ नव्हता. पन्नास वर्षांत माझी अंगक्लुंगं लोकांनी विकत घेतली, वाजवली, भिंतीला टांगली. फुलं वाहून तेल कोणी लावलं नव्हतं. तुमच्या घरी ते झालं. तो सूर पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला वाटलं होतं, हा बांबू कुणीतरी निगुतीने ठेवलाय. वर चढवणं सोपं होतं, टोक थोडं कापलं की सूर चढतो. पण त्याला सुरी लावायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून बाकीचे तेवीस नवे केले आणि तुमच्या सुरापर्यंत खाली उतरवले. बांबू वर्षभर सुकवावा लागतो, त्यात उशीर झाला. तोवर कान पुरला, ही अल्लाची मेहेरबानी. शेवटचा झाला आणि तो गेला."

मंजुषाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या त्या खालीच बसल्या. गुणवंतरावांनी अंगक्लुंग उलटसुलट करून पाहिलं, जणू ते पहिल्यांदाच हातात आलं होतं. आता कानाने काहीच ऐकू न येणाऱ्या एका माणसाने, आपल्या शिल्लक उरलेल्या सगळ्या ऐकण्यातून, तेवीस बांबू तासून त्यांच्याशी जुळवले होते. काचा आणि स्क्रू मोजण्यात हयात गेलेल्या त्या माणसाला याचं मोजमाप कुठून करावं ते कळेना.

शुभ्रा माइक घेऊन आली. नवीन संचाचं गाणं पुन्हा जोडायचं होतं. मागच्या वेळी ते शेवटी होते, म्हणून या वेळीही ते सवयीने मागे सरकले आणि हाफिजाला आधी वाजव म्हणून खूण केली. तिने आपलं अंगक्लुंग मांडीवर ठेवून दिलं. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की पंधराचा सूर आल्याशिवाय कोणी हात हलवायचा नाही, त्यावरून बाकीच्यांनी आपला ताडून बघायचा.

"पहले आप, पाक गुणवंत. तेईस लोग रुके हैं."

गुणवंतरावांनी डाव्या हाताने चौकट धरली. दोहा, पेशावर, क्वालालंपूर, डोंगरातलं ते गाव, सगळी त्यांच्यासाठी थांबली होती. त्यांनी नेहमीसारख्या मनात मात्रा मोजल्या, आणि बरोबर नवव्या मात्रेला हात हलवला.